दोन शहरांतील अंतर कोण ठरवते?

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांत अंतर किती? प्रश्न शालेय पुस्तकातील वाटावा इतका साधा आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतले, पृथ्वीच्या गोलाकाराचे सूत्र लावले की उत्तर येते : सुमारे १२,४०० किलोमीटर. उत्तर बिनचूक आहे. मात्र तेवढेच अंतर कापून दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचणारी नियमित विमानसेवा अस्तित्वात नाही. गेल्या दशकभरात एअर इंडियाने हा प्रवास कधी अॅटलांटिक महासागरावरून केला, कधी प्रशांत महासागरावरून, तर कधी उत्तर ध्रुव प्रदेशावरून. शहरे तीच, पृथ्वीही तीच; परंतु कापावे लागलेले अंतर प्रत्येक वेळी निराळे. दोन शहरांतील अंतर केवळ भूगोल ठरवत नाही, राष्ट्रांचे बळाबळ आणि परस्परसंबंधही ते ठरवतात, हे या एका मार्गाच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल. एप्रिल २०२५ नंतर तर हा विषय लाखो प्रवाशांच्या तिकिटापर्यंत येऊन पोहोचला. म्हणूनच त्याचा विचार भावनेच्या भरात नव्हे, तर हिशेबाने करणे अगत्याचे आहे.

गोलावरची सरळ रेषा

भिंतीवरील नकाशात दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती चीन, जपान आणि प्रशांत महासागर यांवरून पूर्वेकडे जाते. ही रेघ सरळ दिसते, पण त्या रेघेने गेल्यास सुमारे १५,००० किलोमीटर पडतात. आता पृथ्वीगोल घ्यावा आणि त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. हिमालय ओलांडून सायबेरिया, तेथून आर्क्टिक महासागराची कड, मग अलास्का, आणि तेथून खाली सॅन फ्रान्सिस्को. अडीच हजार किलोमीटर वाचवणारा हा दोरा म्हणजेच गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग होय. सपाट नकाशा डोळ्यांना फसवतो. अमेरिकेचा पश्चिम किनारा भारताच्या ‘पूर्वेला’ वा ‘पश्चिमेला’ नसून जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे, उत्तरेच्या दाराने जाण्याजोगा आहे, हे त्यावरून कळत नाही.

मात्र या दोऱ्याच्या पहिल्याच टोकाशी नगाधिराज उभा आहे. शिखरांची उंची ही खरी अडचण नाही, विमान त्याहून उंच उडते. अडचण आहे ती हिमालयापलीकडील तिबेटच्या पठाराची. त्याची सरासरी उंची सुमारे ४,५०० मीटर आहे. विमानातील हवेचा दाब एकाएकी कमी झाला, तर वैमानिकाला काही मिनिटांत सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते. कारण प्रवाशांच्या डोक्यावरील मुखवट्यांतून मिळणारा प्राणवायू साधारण पाव तासच पुरतो. जेथे जमीनच ४,५०० मीटरवर आहे, तेथे ३,००० मीटरवर उतरणार कसे? म्हणून या पठारावरून हवाई मार्ग मोजकेच आहेत. परिणामी दिल्लीच्या विमानाला हिमालयाला वळसा घालून वायव्येकडून, म्हणजे पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि मध्य आशिया या वाटेने उत्तरेला जावे लागते. शतकानुशतके खुष्कीच्या मार्गाने भारतात येणारा-जाणारा ज्या दारातून ये-जा करी, तेच दार विमानालाही लागते.

वाऱ्याचा हिशेब

निसर्गाचा दुसरा हस्तक्षेप वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरहूनही अधिक असतो. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली ती युरोप आणि अॅटलांटिकवरून. हा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा होता, पण वारा समोरून येई. ऑक्टोबर २०१६ मध्ये विमान उलट दिशेने, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झाले आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला! परतीचे विमान अॅटलांटिकवरून येत असल्याने एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणाच घडू लागली.

पुढे १५ ऑगस्ट २०१९ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान उत्तर ध्रुव प्रदेशावरून गेले; हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय विमान कंपनी ठरली. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली चारही महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूपर्यंत ध्रुवावरून विमान आणले. ही दोन शहरे सरळ रेषेतच सुमारे १४,००० किलोमीटर अंतरावर आहेत. ध्रुव प्रदेशात चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही, संदेशवहन क्षीण होते, विमानाचे इंधन त्याच्या प्रकारानुसार उणे ४० ते उणे ४७ अंशांना गोठू लागते आणि संकटात उतरण्यासाठी विमानतळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जून २०२३ मध्ये याच मार्गावरील एका विमानाला इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादान येथे उतरावे लागले आणि दोनशेहून अधिक प्रवाशांना दुसरे विमान पोहोचेपर्यंत तेथील तात्पुरत्या निवाऱ्यात राहावे लागले. निसर्गावर मात करता येते; पण ती विद्येने, यंत्राने आणि दक्षतेने, केवळ इच्छेने नव्हे, हाच याचा अर्थ.

आकाशाचा धनी

यानंतर येतो तो तिसरा घटक : परवानगी. समुद्राचा मोठा भाग कोणाच्याच मालकीचा नाही. जमिनीवरील आकाशाचे तसे नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातील पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व मान्य केले. म्हणजे दोन शहरांमध्ये ताणलेला तो दोरा ज्या ज्या देशावरून जातो, त्यांपैकी प्रत्येकाच्या हाती एकेक कात्री आहे.

ही कात्री भारतानेही चालवली आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ हे विमान अपहरण करून लाहोरला नेण्यात आले आणि तेथे २ फेब्रुवारीला जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. तेव्हाचा पाकिस्तान दोन तुकड्यांत विभागलेला होता. कराची ते ढाका हे भारतावरून सुमारे २,४०० किलोमीटरचे अंतर. बंदीनंतर तेच विमान भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून कोलंबोमार्गे जाऊ लागले आणि एकाच देशाच्या दोन प्रमुख शहरांतील अंतर जवळजवळ दुप्पट झाले. मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात सैन्य पोहोचवताना पाकिस्तानला हाच लांबचा फेरा पत्करावा लागला. त्या वर्षाच्या १६ डिसेंबरला ढाक्यात जे घडले त्याची कारणे अनेक होती. बंगाली जनतेचा लढा आणि भारतीय सैन्याचा पराक्रम ही त्यांतील मुख्य. परंतु ज्या राज्याचे दोन भाग दुसऱ्याच्या आकाशावाचून जोडताच येत नव्हते, त्याच्या दुर्बलतेचे माप त्या वाढलेल्या किलोमीटरांत दडलेले होते. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे दोन्ही देशांची आकाशे एकमेकांना पुन्हा बंद होती.

बंद दाराचा खर्च

आता दुसरी बाजू पाहावी. बालाकोटवरील कारवाईनंतर पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैपर्यंत. २ जुलैपर्यंत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराधांची हत्या झाली. भारताने सिंधू जलवाटप करार स्थगित करण्यासह कठोर पावले उचलली. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले आणि ३० एप्रिलला भारतानेही तेच केले. त्यानंतर दोन्ही बाजूंनी महिन्या-महिन्याने मुदत वाढवली जात राहिली, ती २०२५ चे वर्ष संपेपर्यंतही थांबली नव्हती.

भारताची भूमिका न्याय्य होती, याविषयी कोणाही विचारी नागरिकाच्या मनात शंका असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या भूमिकेची किंमत कोण आणि कशी चुकवतो याचा. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारे विमान उत्तरेला जाण्यासाठी आधी नैर्ऋत्येला, गुजरात आणि अरबी समुद्रावरून, आखाताकडे जाऊ लागले. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्धामुळे इराणचे आकाश बंद झाले, तेव्हा हा वळसादेखील आणखी लांबला. मोठे विमान तासाला साधारण सात टन इंधन पिते. जादा तासासाठी जादा इंधन घ्यावे लागते, आणि ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते. मग वजन राखण्याकरिता प्रवासी वा माल कमी करावा लागतो. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही कायद्याची मर्यादा आहे. अमेरिकेला थेट जाणाऱ्या काही विमानांना युरोपात व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच स्थगित केली. विमानांच्या नूतनीकरणाबरोबर बंद हवाई हद्द हेही कारण कंपनीने दिले. बंदी वर्षभर टिकल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा कंपनीचा अंदाज असल्याचे वृत्त मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

येथे एक कटू सत्य नीट ध्यानात घेतले पाहिजे. ही बंदी भारतीय विमानांना आहे, भारतातून निघणाऱ्या सर्व विमानांना नाही. लंडन वा फ्रँकफर्टचे परदेशी विमान दिल्लीहून उडून पाकिस्तानवरून सरळ निघून जाऊ शकते, त्याच वेळी सुटलेले भारतीय विमान मात्र वळसा घेते. भारताच्या राष्ट्रीय निर्णयाचा लाभ अशा रीतीने परकीय कंपन्यांच्या पदरात पडतो. ‘आम्हीही त्यांचे आकाश बंद केले’ हे समाधानही अपुरे आहे. भारताची शेकडो विमाने पश्चिमेला जातात. पाकिस्तानची भारतावरून पूर्वेला जाणारी विमाने मोजकी. आकाश बंद ठेवल्याने पाकिस्तानचे नुकसान झाले, हे खरेच आहे. २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या काळात सुमारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचा महसूल बुडाल्याचे तेथील सरकारने आपल्या संसदेत कबूल केले. परंतु आर्थिक हलाखीतील राष्ट्रही द्वेषापोटी स्वतःचे नुकसान सोसायला तयार असते, हा इतिहासाचा धडा आहे. ते दार उघडेल या आशेवर भारताच्या विमानवाहतुकीची आखणी करणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

पूर्वतयारी कशाला म्हणतात?

या बाबतीत फिनलंडचे उदाहरण बोलके आहे. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर सरळ रेषेत सुमारे ७,८०० किलोमीटर. रशियावरून नऊ तासांचा प्रवास. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाले आणि हाच प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. पण मार्च २०२२ मध्येच फिनलंडच्या राष्ट्रीय कंपनीची विमाने उत्तर ध्रुवावरून टोकियोला जाऊ लागली. हे इतक्या लवकर शक्य झाले, कारण सोव्हिएत काळातही हे आकाश त्यांना खुले नव्हते आणि एप्रिल १९८३ मध्ये जादा इंधनटाक्या बसवलेल्या विमानाने त्यांनी ध्रुवमार्गे टोकियो गाठले होते. मुंबई महानगराहूनही कितीतरी कमी लोकसंख्येच्या राष्ट्राने अडचणीतून कमावलेली विद्या चाळीस वर्षांनी कामी आली.

भारताचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. अतिदूर पल्ल्याची आठ बोइंग ७७७-२०० एलआर विमाने एअर इंडियाने घेतली होती. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क थेट सेवा सुरू झाली तेव्हा अनेकांची मान उंचावली. पुढे तोट्याच्या भाराखाली त्या आठांपैकी पाच विमाने २०१३-१४ च्या सुमारास अबुधाबीच्या कंपनीला विकण्यात आली. राहिलेल्या तिघांच्या बळावर सॅन फ्रान्सिस्कोची सेवा उभी राहिली आणि नंतर त्याच जातीची जुनी विमाने परदेशी कंपनीकडून भाड्याने आणावी लागली. ज्या काळात ही विक्री होत होती, त्याच काळात आखातातील शहरे भारतीय प्रवाशांच्या जोरावर जगाची विमान-जंक्शने बनत होती. दुबईच्या कंपनीने १९८५ मध्ये भाड्याच्या दोन विमानांनी आरंभ केला होता आणि तिच्या पहिल्या गंतव्यस्थानांत कराचीबरोबर मुंबईही होती. त्या शहराला भूगोल नव्याने मिळाला नाही. मिळालेल्या भूगोलाचा त्याने सातत्याने उपयोग केला, इतकेच.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत विमान आणले आणि भारतीय नागरी विमानवाहतुकीचा श्रीगणेशा झाला. ज्या कराचीहून हा आरंभ झाला, त्याच कराचीवरील आकाश भारतीय विमानाला बंद व्हावे, यात फाळणीने किती काय तोडले याची खूण आहे. परंतु खंत करून मार्ग सापडत नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली, त्यात दूर पल्ल्याची विमाने आहेत. इंडिगोनेही तशी विमाने मागवून २०२५ मध्ये मुंबईहून युरोपला थेट सेवा सुरू केली. योग्य दिशेने पावले पडत आहेत. आता धोरणाचे पाठबळ हवे.

काय करायला हवे?

पहिली गोष्ट, राष्ट्रीय निर्णयाचा भार राष्ट्राने वाटून घ्यावा. सीमेवरील तणावामुळे वाढलेल्या इंधनखर्चाची भरपाई करण्याची ठरलेली, पारदर्शक व्यवस्था असावी. प्रत्येक वेळी कंपन्यांनी अर्ज-विनंत्या कराव्यात आणि निर्णय रेंगाळावा, हे योग्य नव्हे. दुसरी, मुंबईच्या भौगोलिक स्थानाचा उपयोग करावा. मुंबईहून पश्चिमेला जाणारे विमान लगेच अरबी समुद्रावर जाते. पाकिस्तानच्या बंदीचा चटका त्याला दिल्लीइतका बसत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. या दोन विमानतळांना मिळून पश्चिम दिशेचे राष्ट्रीय प्रवेशद्वार बनवण्याचा विचार गांभीर्याने झाला पाहिजे. तिसरी, चीनवरून जाणाऱ्या मार्गांची मागणी जरूर करावी, पण एका शेजाऱ्याने दार लावले म्हणून दुसऱ्या शेजाऱ्याच्या किल्लीवर विसंबू नये.

आणि शेवटची गोष्ट समाजाची. पुणे, नाशिक, नागपूर येथील असंख्य घरांतील मुले-मुली कॅलिफोर्नियात स्थिरावली आहेत. नातवंडांच्या ओढीने निघालेल्या सत्तरीच्या आजी-आजोबांना परक्या विमानतळावर मध्यरात्री विमान बदलावे न लागणे, ही थेट सेवेची खरी किंमत आहे. ती किलोमीटरांत मोजता येत नाही. दोन तास अधिक लागत असतील तरी भारतीय विमान निवडण्याची तयारी अशा कुटुंबांनी अवश्य दाखवावी. पण देशप्रेमाच्या नावावर तुटकी आसने आणि बेपर्वा सेवा खपवून घेण्याची अपेक्षा विमान कंपन्यांनीही धरू नये. प्रवाशाने त्याग करावा आणि कंपनीने आळस करावा, असा व्यवहार फार काळ टिकत नाही.

पृथ्वीचा घेर बदलणार नाही, हिमालय हटणार नाही, वारे आपली दिशा सोडणार नाहीत. शेजारी कसा वागेल हेही भारताच्या हाती नाही. हाती आहे ते एवढेच : लांब पल्ल्याची विमाने, त्यांना पेलणारे विमानतळ, निष्णात वैमानिक आणि संकटापूर्वीच आखलेली पर्यायी वाट. ज्या दिवशी ही सिद्धता होईल, त्या दिवशी पाकिस्तानचे दार उघडे असो वा बंद, दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील अंतर इस्लामाबादेत ठरणार नाही.